ब्रेकमध्ये जळणारं डिझेल

कोल्हापुरातून रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा मागे टाकून गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला लागली की पुढचे पन्नासएक किलोमीटर तिला फारसं चढावं लागत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि गगनबावडा त्याहून थोडासाच उंच. कळे, मांडुकली, असळज करत रस्ता कुंभी नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेला सरकतो आणि गगनबावड्याला पठार एकदम तुटतं. तिथून करूळ घाट वैभववाडीकडे उतरतो आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. कोल्हापूरचा भाजीपाला, गूळ, किराणा, पशुखाद्य याच वाटेने कोकणात जातं. हंगामात आंबा, काजू आणि बारा महिने मासळी याच वाटेने वर येते. यातला बराचसा माल पिकअपमधून जातो. या रस्त्यावर एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन पिकअप सारखाच माल भरून सोडल्या, तरी दोघींना लागणारं डिझेल सारखं नसतं. मालक मग मेकॅनिककडे जातो, पंपावर शंका घेतो, इंजिनाला नावं ठेवतो. खरा फरक बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्या उजव्या पायात असतो. ‘गाडी सावकाश चालवा’ हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला आहे आणि तो चुकीचाही नाही, पण गगनबावड्यासारख्या वाटेवर तो अपुरा आहे. इथे डिझेल सगळ्यात जास्त वाया जातं ते आधी कमावलेला वेग ब्रेक दाबून मारून टाकण्यात. हे नुसतं मत नाही, त्याचा हिशेब मांडता येतो.

हिशेबासाठी एक नेहमीची पिकअप घेऊ. गाडीचं स्वतःचं वजन 1700 किलो आणि माल 1300 किलो, एकूण 3 टन. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातला मोठा भाग सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जातो. इंजिन चांगल्या स्थितीत, योग्य ओढीवर चालत असेल तर साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे 12 मेगाज्यूल, ओढीच्या कामी येतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालताना ही ऊर्जा दोन गोष्टींवर खर्च होते. पहिली म्हणजे टायर रस्त्यावर दबत-फिरत जातात त्याचं घर्षण. ते वजनावर अवलंबून असतं, वेगावर फारसं नाही; आपल्या 3 टनांच्या गाडीला त्यासाठी किलोमीटरमागे सुमारे 30 मिलिलिटर डिझेल लागतं. दुसरी म्हणजे हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की तो चौपट होतो. पिकअपचं तोंड चौकोनी, मागे उघडा हौदा आणि त्यावर उभा रचलेला माल, त्यामुळे कारपेक्षा तिला हवा जास्त अडवते. ताशी 40 किलोमीटरला हवेसाठी किलोमीटरमागे 9 मिलिलिटर, 60 ला 19 आणि 80 ला 35 मिलिलिटर असा हा खर्च चढत जातो. टायर आणि हवा मिळून 60 च्या वेगाला किलोमीटरमागे 49 मिलिलिटर होतात आणि 80 च्या वेगाला 65. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला आणि खर्चही जवळजवळ तितकाच वाढला. ‘सावकाश चालवा’ या सल्ल्याचा पाया हाच आहे.

आता 49 मिलिलिटरला एक किलोमीटर म्हणजे लिटरला 20 किलोमीटर झाले. भरलेली पिकअप 20 चं अ‍ॅव्हरेज देते असं या रस्त्यावरचा कोणताही ड्रायव्हर म्हणणार नाही. कागदावरच्या आणि रस्त्यावरच्या आकड्यांत एवढी दरी का पडते, याचं उत्तर शोधलं की वाया जाणारं डिझेल सापडतं. थोडा वाटा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा आहे. थोडा वाटा याचा आहे की कमी ओढीवर इंजिन तिसरा हिस्सासुद्धा कामी लावू शकत नाही. राहिलेला मोठा वाटा मात्र हिशेबात आपण जे गृहीत धरलं त्यातच लपलेला आहे. आपण वेग एकसारखा धरला होता. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर वेग एकसारखा राहतच नाही. गाव येतं, शाळा येते, स्पीडब्रेकर येतो, ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोर येतो, आडवी म्हैस येते. प्रत्येक वेळी वेग उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा.

3 टनांची गाडी ताशी 60 वर नेली की तिच्या वेगात सुमारे 417 किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ही ऊर्जा डिझेल जाळूनच आलेली असते आणि तिची किंमत होते सुमारे 35 मिलिलिटर डिझेल. समोर स्पीडब्रेकर दिसला आणि अगदी जवळ जाऊन करकचून ब्रेक दाबला, तर ते 35 मिलिलिटर ड्रम आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन संपतात. स्पीडब्रेकर ओलांडून पुन्हा 60 गाठायला नवे 35 मिलिलिटर लागतात. जाता-येता मिळून असे 30 ब्रेक लागले की एक लिटर डिझेल गेलं, आणि त्या लिटरभरात गाडी एक मीटरही पुढे गेलेली नसते. हाच खेळ 80 वरून केला तर दर वेळी 62 मिलिलिटर जातात आणि 40 वरून केला तर फक्त 15. वेगात साठणारी ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून दोन गावांमधल्या किलोमीटरभराच्या मोकळ्या पट्ट्यात गाडी 80 वर नेणारा ड्रायव्हर दोनदा किंमत मोजतो, आधी हवेला आणि मग ब्रेकला. अशा तुकड्या-तुकड्यांच्या रस्त्यावर ब्रेकची किंमत हवेच्या किमतीएवढी किंवा तिच्याहून मोठी होऊन बसते.

यावरचा उपाय सोपा आहे, पण त्याला नजर लागते. भरलेली पिकअप 60 वर असताना गिअर तसाच ठेवून रेसवरचा पाय उचलला तर टायर, हवा आणि इंजिनाचा अडसर मिळून ती दोन-तीनशे मीटरमध्ये बऱ्यापैकी मंदावते. या काळात गाडी डिझेल जवळजवळ घेतच नाही, कारण गाडी गिअरमध्ये असताना आणि रेसवर पाय नसताना आजच्या कॉमन रेल इंजिनातला संगणक इंजेक्टरला डिझेल सोडू देत नाही. इंजिनाला चाकंच फिरवत असतात. म्हणजे साठवलेला वेग ब्रेकमध्ये न जाळता अंतर कापायला वापरला जातो. हे करायला ड्रायव्हरला दोनशे मीटर पुढचं दिसायला हवं आणि जे दिसतं त्याचा अर्थ लागायला हवा. रोजच्या वाटेवर स्पीडब्रेकर कुठे आहे हे त्याला पाठच असतं. तरीही पाय उशिरा उचलला जातो, कारण पुढच्या गाडीच्या अगदी मागे लागून चालवायची सवय असते. पुढच्याशी अंतर ठेवलं की त्याने ब्रेक मारला तरी आपल्याला बहुधा नुसता पाय उचलून भागतं. सुरक्षिततेसाठी सांगितलेली ही गोष्ट डिझेलसाठीही तितकीच खरी आहे.

यावर पिकअपवाल्याचा पहिला आक्षेप वेळेचा असतो आणि तो हलका नाही. मार्केट यार्डातला सौदा कुणासाठी थांबत नाही, मासळीचा भाव उन्हाबरोबर उतरतो, आणि दिवसात एकाऐवजी दोन खेपा झाल्या तरच हप्ता सुटतो. म्हणून वेळेचा हिशेबही डिझेलसारखाच मांडून पाहू. कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर सुमारे 55 किलोमीटर. त्यातले 20 किलोमीटर खरोखर मोकळे, दाबून चालवता येतील असे धरले तरी ते 60 ने गेल्यास 20 मिनिटं लागतात आणि 80 ने गेल्यास 15. वाचली 5 मिनिटं. त्यासाठी हवेला 320 मिलिलिटर जास्त गेले, आणि 80 वरून पंधरा वेळा ब्रेक लागला तर आणखी 400. लिटरला 90 रुपये धरले तर 5 मिनिटांसाठी 60 रुपयांच्या वर खर्च झाला. एखाद्या दिवशी सौदा चुकत असेल तर 60 रुपये काहीच नाहीत, आणि तेव्हा दाबून जाणाऱ्याला व्यवहार कळत नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण सौद्यासाठी रोज घाई करावी लागत असेल तर तो निघण्याच्या वेळेचा प्रश्न आहे, आणि तो 5 मिनिटं आधी निघून फुकटात सुटतो. शिवाय केंद्र सरकारने 2018 साली ठरवलेल्या कमाल वेगमर्यादेनुसार दुभाजक नसलेल्या अशा रस्त्यावर मालवाहू गाडीला ताशी 60 च्या पुढे जायला परवानगीच नाही. वाचलेल्या त्या 5 मिनिटांत दंडाची आणि अपघाताची जोखीमही मिसळलेली असते.

पठारावरचा हिशेब इथे संपतो. घाटातला वेगळा आहे, आणि तिथे ऐकिवातल्या समजुतीही जास्त आहेत. करूळ घाट सुमारे 10 किलोमीटरचा आणि चढण 500 मीटरची धरू. 3 टन वजन 500 मीटर उचलायला लागणारी ऊर्जा 14.7 मेगाज्यूल, म्हणजे 1.2 लिटर डिझेल. गाडी कितीही हळू चालवा किंवा जोरात, यात सूट नाही. टायरचे आणि हवेचे मिळून जवळपास 400 मिलिलिटर धरले की वैभववाडीकडून गगनबावड्याला चढताना दीड-पावणेदोन लिटर जातं. म्हणून घाटात अ‍ॅव्हरेज लिटरला सहा-सातवर आलं तर इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. चालवणाऱ्याच्या हातात जे आहे ते वळणांवर आहे. वळणापर्यंत रेस दाबून 40 वर जायचं, तोंडावर ब्रेक मारून 20 वर यायचं, गिअर उतरवून पुन्हा 40 गाठायचं, असं केलं की दर वळणाला सुमारे साडेअकरा मिलिलिटर जास्त जातात. वीस वळणांत 230 मिलिलिटर गेले, म्हणजे चढणीच्या एकूण डिझेलाच्या सातव्या हिश्श्याएवढे. चढावर यातून सुटायची एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. वळणाआधी ब्रेक न दाबता नुसता पाय उचलला तर गाडी चढामुळे आपोआप मंदावते आणि तिच्यातला वेग उंचीत बदलतो. तेवढी चढण फुकटात चढून होते, वाया काही जात नाही. ब्रेक दाबला तर तोच वेग उष्णता होऊन जातो आणि उंची मिळतच नाही.

चढावर कुठला गिअर योग्य, यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो मोठा गिअर ठेवा, इंजिन कमी फिरतं, डिझेल कमी लागतं. दुसरा म्हणतो लहान गिअर टाका आणि रेस द्या, नाहीतर गाडी ओढत नाही. दोन्हींत अर्धं-अर्धं खरं आहे. या वर्गातल्या बहुतेक डिझेल इंजिनांची ओढ मिनिटाला दीड ते अडीच हजार फेऱ्यांच्या टप्प्यात सगळ्यात चांगली असते आणि डिझेलचा उपयोगही तिथेच सगळ्यात चांगला होतो. त्याच्या खाली जाऊन इंजिन गुरगुरायला, हादरायला लागलं तर डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, क्लच आणि बेअरिंगवर ताण येतो. त्याच्या फार वर जाऊन इंजिन ओरडायला लागलं तर इंजिनाच्या आतलं घर्षणच बराच वाटा खाऊन टाकतं. इंजिन मोकळेपणाने ओढतंय हे कानाला कळतं. तो आवाज टिकेल तो गिअर धरावा आणि रेस एकसारखी ठेवावी. चढावर भरलेली गाडी थांबवून हाफ क्लचवर पुन्हा उचलणं हा डिझेल आणि क्लच प्लेट दोन्ही जाळण्याचा सगळ्यात वेगवान मार्ग आहे. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी असा वाहतुकीचा नियम आहे, आणि त्यामागे हेच कारण आहे. उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघायला काही लागत नाही; चढणाऱ्याला लागतं. हा नियम न पाळणारी रिकामी गाडी दुसऱ्याच्या टाकीतलं डिझेल खर्च करत असते.

आता उताराकडे येऊ, कारण डिझेल वाचवण्याच्या नावाखाली सगळ्यात धोक्याची सवय इथेच जोपासली जाते. घाट लागला की गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनच बंद करायचं. ‘न्यूट्रलला सोडल्याशिवाय अ‍ॅव्हरेज निघत नाही’ असं ठामपणे सांगितलं जातं. वर सांगितलेल्या कारणामुळे हे डिझेलच्या हिशेबातही खोटं ठरतं. गिअरमध्ये, पाय उचलून उतरणाऱ्या गाडीला डिझेल जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून ते स्वतःपुरतं डिझेल घेतच राहतं. अडीच लिटर क्षमतेचं इंजिन असं नुसतं चालू ठेवलं तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातं. 10 किलोमीटरचा घाट ताशी 40 ने उतरायला 15 मिनिटं लागली तर न्यूट्रलवाल्याचे सव्वाशे ते एकशे नव्वद मिलिलिटर जास्त जातात. वाचवायला गेला आणि घालवून बसला. जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांतही पाय उचलल्यावर आणि चाकांनी इंजिन फिरवल्यावर पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो, त्यामुळे ‘आमची गाडी जुनी आहे’ हे उत्तरही चालत नाही. इंजिन बंद करून उतरणाऱ्याचं डिझेल गिअरमधल्या गाडीपेक्षा कमी लागत नाही, कारण शून्यापेक्षा कमी काही नसतं. उलट ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही हातची जातात.

इथे पैशांपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. 3 टनांची गाडी 500 मीटर खाली आली की 14.7 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. त्यातली पाचएक मेगाज्यूल टायर आणि हवा खातात. राहिलेली दहा मेगाज्यूल गिअरमध्ये असताना बरीचशी इंजिन पेलतं. न्यूट्रलमध्ये ती सगळी ब्रेकवर येते. 30 लिटर साध्या पाण्याला उकळी आणायला एवढी उष्णता पुरते, आणि ती चार चाकांच्या ब्रेकमध्ये पंधरा मिनिटांत भरली जाते. लायनर तापून गुळगुळीत होतात, ब्रेक ऑइल उकळायला लागतं आणि पॅडल खाली बसतं. घाटात ‘ब्रेक फेल’ झाल्याच्या बातम्यांमागे बऱ्याचदा ब्रेकचा दोष नसून आधीचे काही किलोमीटर न्यूट्रलला उतरवलेली भरलेली गाडी असते. ज्या गिअरमध्ये गाडी हा घाट चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही पूर्णपणे खरा आहे, आणि त्याने डिझेलही वाचतं. एवढं मान्य करायला हवं की पठारावरच्या अगदी सौम्य उतारावर गिअरमधली गाडी इंजिनाच्या अडसराने लवकर मंदावते आणि तिला पुन्हा रेस द्यावी लागते. तिथे वरचा गिअर ठेवून रेसला हलका स्पर्श ठेवणं पुरतं. न्यूट्रलची सवय तिथे लागली की ती घाटातही सुटत नाही.

हे सगळं नुसत्या कागदी हिशेबावर उभं आहे का, असं कुणी विचारेल. नाही. 1978 पासून काम करणाऱ्या पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनने डेहराडूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियमच्या चाचण्यांचा दाखला देत वर्षानुवर्षं सांगितलं आहे की ताशी 80 ऐवजी 45 ते 55 च्या वेगाने कार चालवली तर 40 टक्क्यांपर्यंत जास्त अंतर मिळू शकतं. ‘पर्यंत’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे आणि चाचणी कारची आहे, पण दिशा तीच आहे. कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज रस्त्यावर मिळत नाही ही तक्रारही याच्याशी जोडलेली आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठरलेल्या वेगाच्या आराखड्याने चालवली जाते. त्या आराखड्यात वेग हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो, कमाल वेग ताशी 90 च्या पुढे जात नाही, घाट नसतो, पाऊस नसतो. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी उपयोगी आहे. गगनबावड्याच्या वाटेवर तो वचन म्हणून धरता येणार नाही. चाचणीतला चालक धक्का न देता गाडी चालवतो हे मात्र त्यातून घेण्यासारखं आहे.

परदेशांत तर वेगमर्यादाच इंधनासाठी उतरवून पाहिली गेली. अरब देशांनी तेल रोखल्यानंतर अमेरिकेने 1974 च्या जानेवारीत कायदा करून देशभर ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटर, ही मर्यादा घातली आणि ती 1995 पर्यंत या ना त्या रूपात टिकली. स्पेनने 2011 च्या मार्चमध्ये महामार्गावरची मर्यादा 120 वरून 110 केली आणि काही महिन्यांतच ती परत पूर्ववत केली. अमेरिकेतली बचत अपेक्षेपेक्षा कमीच निघाली, कारण लोकांनी मर्यादा फारशी पाळली नाही आणि देशातल्या एकूण इंधनात महामार्गावरच्या त्या वेगाचा वाटाच मर्यादित होता. यावरून कुणी म्हणेल की वेग कमी करून काही होत नाही. मला यातून वेगळं दिसतं. वरून लादलेली मर्यादा फक्त वरचा आकडा बदलते. ब्रेक कधी दाबायचा, पाय कधी उचलायचा, हे कुठलीही सूचनापाटी ठरवू शकत नाही. ते ड्रायव्हरच्या हाती राहतं, आणि त्याने ते का करावं याचं कारण त्याला मिळालं पाहिजे.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. पिकअपचा मालक आणि ड्रायव्हर वेगळे असतील तर डिझेल मालकाच्या खिशातून जातं आणि घाईचा फायदा, म्हणजे लवकर घरी जाणं, ड्रायव्हरला मिळतो. त्याने दोनशे मीटर आधी पाय उचलून लिटर वाचवला तरी त्याच्या पगारात काही फरक पडत नाही. देशोदेशी ड्रायव्हरांना अशा पद्धतीने चालवायचं प्रशिक्षण दिलं गेलं आहे. सुरुवातीला साधारण पाच ते दहा टक्के इंधन वाचतं आणि पुढच्या काही महिन्यांत ती बचत ओसरत जाते, असंच बहुतेक ठिकाणी दिसलं आहे. ती ओसरते कारण ती कुणी मोजत नाही आणि तिचा वाटा कुणी देत नाही. एस.टी. महामंडळात 10 लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली हे ‘केपीटीएल’ नावाने मोजलं जातं आणि आगारात त्यावर लक्ष असतं. गगनबावड्यालाही एस.टी.चं आगार आहे. त्याच घाटातून जाणाऱ्या पिकअपच्या मालकाकडे मात्र बहुधा पंपाच्या पावत्यांपलीकडे काही नसतं.

बाकीच्या सवयी थोडक्यात. टायरमधली हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि किलोमीटरमागचा 30 मिलिलिटरचा खर्च वाढतो. महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना हवा तपासावी. गाडी भरताना-उतरवताना इंजिन चालू ठेवण्यात काही साधत नाही. ताडपत्री सैल फडफडत असेल तर हवेचा विरोध वाढतो, म्हणून दोर ताणून बांधावा. ओव्हरलोडचा मोह मात्र थोडं थांबून पाहण्यासारखा आहे, कारण टनामागे डिझेल जास्त माल भरल्यावर खरोखरच कमी लागतं. रिकामी गाडीसुद्धा 1700 किलोची असते आणि हवेचा खर्च तिला तेवढाच येतो. पण हा हिशेब क्षमतेपर्यंतच चालतो. त्यापुढे पाटे, टायर, क्लच आणि घाटातले ब्रेक त्याची किंमत वसूल करतात, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो, वर जादा टनामागे 2,000 रुपये. एका खेपेत वाचलेलं डिझेल त्यात कितीदा बुडेल याचा आकडा ज्याचा त्याने काढावा. परतीची गाडी रिकामी न आणणं हा टनामागचं डिझेल कमी करायचा त्याहून चांगला मार्ग आहे.

एक आक्षेप नव्या गाड्यांच्या मालकांकडून येतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानकं लागू झाली. त्यानंतरच्या अनेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते आणि ती स्वतःला साफ करण्यासाठी धूर खूप तापलेला असावा लागतो. सतत हळू, कमी अंतराच्या फेऱ्या मारल्या तर जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. हे खरं आहे. पण त्यासाठी ताशी 80 ची गरज नसते. 50-60 च्या वेगाने, मधल्या गिअरमध्ये, इंजिन दोन हजारांच्या आसपास ठेवून सलग वीसएक मिनिटं चालवलं तर बहुधा काम होतं, आणि भरलेल्या गाडीची घाटातली चढण तर त्यासाठी उत्तमच. हळू चालवणं आणि इंजिन गुदमरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाऊस हा गगनबावडा तालुक्याचा वेगळा विषय आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे जाणाऱ्या पावसात रस्त्यावरचं पाणी बाजूला सारायलाही टायरला डिझेल लागतं, घाटात धुकं उतरतं, मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर आलं की वाहतूक थांबते किंवा वळसा घालावा लागतो. जुलैचं अ‍ॅव्हरेज जानेवारीच्या अ‍ॅव्हरेजशी ताडून ड्रायव्हरला बोलणं अन्यायाचं आहे. करूळ घाटाच्या कामानेही जुने आकडे निकामी झाले आहेत. 2024 मध्ये काँक्रिटीकरणासाठी घाट बंद ठेवला गेला आणि गाड्या भुईबावडा, फोंडा अशा दुसऱ्या घाटांनी जात राहिल्या. खड्डे गेल्यावर खड्ड्यांपायी लागणारे ब्रेक कमी होतील, हा सरळ फायदा आहे. गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढवून वळणाच्या तोंडावर तो ब्रेकने मारण्याची सवय लागली, तर तोच फायदा परत जाईल.

म्हणून ज्यांच्या दोन-तीन पिकअप या मार्गावर चालतात त्यांनी सुरुवात मोजण्यापासून करावी. दर वेळी एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरायची, मागच्या वेळेपासूनचे किलोमीटर आणि आज बसलेले लिटर वहीत लिहायचे, शेजारी माल किती होता, घाट उतरला की नाही आणि पाऊस होता का, एवढे तीन रकाने ठेवायचे. दोन महिन्यांत त्या गाडीचा, त्या मार्गाचा स्वतःचा आकडा तयार होतो. मग ड्रायव्हरशी बसून ठरवायचं की त्या आकड्याच्या वर जे डिझेल वाचेल त्याचे निम्मे पैसे त्याचे, महिन्याच्या महिन्याला रोख. महिन्याला 3000 किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज 11 वरून 12 झालं तर जवळपास 23 लिटर वाचतात. 90 च्या भावाने ते 2000 रुपयांच्या वर होतात, त्यातले हजारभर ड्रायव्हरच्या हातात पडतात. एवढ्यावर तो स्पीडब्रेकरच्या दोनशे मीटर आधी पाय उचलायला लागेल, आणि घाटाच्या तोंडाशी गाडी न्यूट्रल करायचं सोडून देईल.